माशाच्या पोटातली नदी

बाजारात मासा घेताना जाणते गिऱ्हाईक आधी त्याचे कल्ले उचलून पाहते. कल्ले लालभडक असले, डोळे पाणीदार असले आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर आले, की मासा ताजा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही परीक्षा खरी आहे; पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते: मासा पाण्याबाहेर येऊन किती वेळ झाला? पाण्यात असताना तो कशात जगत होता, हे कल्ल्यांच्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या आतड्यापर्यंत जावे लागते आणि तिथे राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची मोजदाद करावी लागते.

नदीचे प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पाण्यावरचा फेस, जलपर्णीचा गालिचा किंवा काठाला लागलेला मेलेल्या माशांचा खच. पण मेलेला मासा ही फार उशिरा आलेली बातमी असते. बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे ते मासे गुदमरलेले असतात आणि तोवर नदीचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. त्याच्या कितीतरी आधी, वरून धडधाकट दिसणाऱ्या जिवंत माशाच्या पोटात त्या पाण्याची नोंद होऊ लागते. ही नोंद वाचायला विज्ञान शिकले आहे. आपल्या नद्यांसाठी मात्र आपण ती क्वचितच वाचतो.

घरचे कोण, पाहुणे कोण

१८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशरिच हे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांच्या विष्ठेतील जिवाणूंचा अभ्यास करत होते. त्यात त्यांना काडीच्या आकाराचा एक जिवाणू विपुल प्रमाणात सापडला. आज तो त्यांच्याच नावाने, एशरिकिया कोलाय किंवा थोडक्यात ई. कोलाय म्हणून ओळखला जातो. माणूस, गाय, कुत्रा, कोंबडी अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. तरीही पाणी तपासणाऱ्यांसाठी तो फार मोलाचा ठरला. कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू पाण्यात एकेक करून शोधणे अवघड आणि खर्चाचे असते. ते प्रत्येक वेळी असतातच असेही नाही. पण पाण्यात ई. कोलाय सापडला, तर त्या पाण्यात कुठून तरी विष्ठा येते आहे हे नक्की. दाराचे कुलूप तुटलेले दिसल्यावर चोर दिसेपर्यंत कोणी वाट पाहत नाही, तसेच हे.

अडचण एवढीच, की ई. कोलायशी साधर्म्य असलेले, ‘कोलिफॉर्म’ या गटातले काही जिवाणू मातीत आणि झाडपाल्यावरही राहतात. विष्ठेतले कोणते आणि मातीतले कोणते, हे वेगळे करण्याची युक्ती १९०४ मध्ये ख्रिस्तियान आइकमान या डच वैज्ञानिकाने सुचवली. बेरीबेरीवरील कामासाठी पुढे नोबेल मिळाले ते हेच आइकमान. नमुना ४६ अंश सेल्सिअसला ठेवला, तर उष्ण रक्ताच्या शरीरात वाढलेले जिवाणू तग धरतात आणि बाकीचे मागे पडतात, असे त्यांनी दाखवले. आजच्या प्रयोगशाळा ४४.५ अंशांवर जी ‘मलजन्य कोलिफॉर्म’ची चाचणी करतात, तिचे मूळ इथे आहे.

आता माशाकडे वळू. मासा थंड रक्ताचा. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे. त्याच्या आतड्यातही जिवाणूंची वस्ती असतेच, पण ती वेगळी. गोड्या पाण्यातील माशांत एरोमोनास, स्यूडोमोनास हे नेहमीचे रहिवासी. तिलापिया आणि कार्प कुळातील माशांत सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू बी-१२ जीवनसत्त्वही तयार करतो. ही माशाची घरची माणसे. ई. कोलाय आणि त्याचे मलजन्य सोबती या कायमच्या कुटुंबात नाहीत. ते माशाच्या पोटात सापडले, तर ते पाण्याबरोबर किंवा खाद्याबरोबर आत आलेले पाहुणे असतात. पाहुणा कुठल्या गावचा हे ओळखता आले की माशाने कोणत्या गावचे पाणी प्यायले आहे, तेही कळते.

ओहायोतील ७८ मासे

या विषयात वारंवार आधार घेतला जाणारा एक अभ्यास अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झाला. एडविन गेल्ड्राइख आणि नॉर्मन क्लार्क यांनी गोड्या पाण्यातील १४ जातींचे १३२ मासे तपासले. त्यांपैकी ७८ मासे ओहायो राज्यातील लिटल मायामी नदीच्या मध्यम प्रदूषित पट्ट्यांतून पकडलेले होते. प्रत्येक माशाच्या आतड्यातील ऐवजात मलजन्य कोलिफॉर्म किती, हे त्यांनी मोजले.

आकडे पाहण्यासारखे आहेत. ब्लूगिल या लहान माशात दर ग्रॅमला २० पेक्षाही कमी जिवाणू निघाले. कॅटफिशमध्ये, म्हणजे आपल्या मांगुराच्या दूरच्या मिशाळ भाऊबंदांत, तोच आकडा दर ग्रॅमला १० लाख ९० हजार होता. विष्ठेत आढळणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या गटाची गणतीही याच दिशेने गेली: ब्लूगिलमध्ये २२०, कॅटफिशमध्ये २ लाख ४० हजार. एकाच नदीतल्या दोन जातींत इतका फरक होता.

या फरकाचा अर्थ लावताना माशाच्या राहणीकडे पाहावे लागते. ब्लूगिल पाण्यातले किडे टिपून खातो. कॅटफिश तळाशी राहतो आणि गाळात जे मिळेल ते खातो. सांडपाण्याबरोबर आलेले जिवाणू पाण्यात सुटे तरंगत फार काळ टिकत नाहीत. ऊन त्यांना मारते. पण गाळाच्या कणांना चिकटून ते तळाशी बसले, की उन्हापासून वाचतात आणि जास्त दिवस जगतात. वरचे पाणी नितळ दिसत असताना तळाचा गाळ जिवाणूंनी भरलेला असू शकतो आणि तो गाळ उपसणारा मासा ते सगळे पोटात घेतो.

गेल्ड्राइख आणि क्लार्क यांचा निष्कर्ष असा, की नदीतल्या माशांमधील मलजन्य कोलिफॉर्म त्या पाण्यात उष्ण रक्ताच्या प्राण्यांची घाण किती मिसळते आहे याचे प्रतिबिंब असतात. माशाची जात ओळखता येईल असा जिवाणूंचा कोणताही ठरावीक साचा मात्र त्यांना आढळला नाही. पोटातली वस्ती ठरत होती ती पाण्यावरून आणि खाण्यावरून.

बाटली आणि मासा

पाणी थेट बाटलीत भरून तपासता येत असताना माशाच्या मागे कशाला लागायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. बाटलीतले पाणी त्या ठिकाणचे आणि त्या क्षणाचे असते. रात्री नाल्यातून घाण सोडली गेली आणि सकाळी नमुना घेतला, तर घाण पुढे वाहून गेलेली असते. मासा मात्र अहोरात्र तिथेच असतो. श्वासासाठी तो सतत पाणी तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतो, त्याच पाण्यातले आणि गाळातले अन्न खातो. त्यामुळे त्याच्या कल्ल्यांवर, अंगावरच्या बुळबुळीत थरात आणि आतड्यात गेल्या काही दिवसांचा हिशेब जमा झालेला असतो.

हा हिशेब वाचण्याची रीत फारशी अवघड नाही. मासा जिवंत किंवा नुकताच पकडलेला हवा. त्याची त्वचा अल्कोहोलने पुसून, निर्जंतुक कात्रीने पोट उघडून आतड्यातला ऐवज वजन करून घेतात. तो दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत जातात आणि जिवाणूंच्या खाद्यावर पसरतात. मॅकॉन्की आगर या खाद्यावर कोलिफॉर्मच्या वसाहती गुलाबी उमटतात. ईएमबी आगरवर ई. कोलायला धातूसारखी हिरवी झळाळी येते. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असलेल्या कुठल्याही महाविद्यालयात हे काम होऊ शकते.

माशांची निवड नीट केली, तर नदीचे थरही वेगवेगळे वाचता येतील. आपल्या धरणांत सोडले जाणारे तीन मुख्य मासे तीन थरांत चरतात: कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच जाळ्यात आलेल्या या तिघांची पोटे शेजारी शेजारी ठेवून तपासली, तर घाण पाण्यात तरंगते आहे की तळाला साचून बसली आहे, याचा अंदाज बांधता येईल.

प्रत्येक जिवाणू वेगळी गोष्ट सांगतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. ई. कोलाय विष्ठेची खबर देतो. साल्मोनेला सापडला तर धोका नुसता शक्यतेच्या पातळीवर राहत नाही; रोगजंतूच समोर आलेला असतो. एरोमोनास हायड्रोफिला हा तर गोड्या पाण्यातला नेहमीचा जिवाणू, त्यामुळे त्याच्या नुसत्या असण्याने काही सिद्ध होत नाही. पण पाण्यात सेंद्रिय घाण वाढली, प्राणवायू घटला, अमोनिया चढला, की मासा थकतो, त्याचे संरक्षक आवरण कमजोर होते आणि आजवर गुमान राहिलेला एरोमोनास उलटतो. अंगावर लाल चट्टे, उभे राहिलेले खवले, जखमा, फुगलेले पोट ही त्याची लक्षणे. जाळ्यात असे मासे वारंवार येऊ लागले, तर आजारी पडलेली असते ती नदी.

साक्ष तपासून घ्यावी

कोणतीही साक्ष उलटतपासणीशिवाय मान्य करू नये. माशाची साक्षही नाही.

पहिली गोष्ट तापमानाची. गेल्ड्राइख आणि क्लार्क यांनाच असे आढळले होते, की पाणी २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल आणि जिवाणू आतड्यात २४ तासांपेक्षा जास्त काळ राहिले, तर ते तिथे बहुधा टिकतात आणि वाढूही शकतात. त्यांचे नदीतले मासे पकडले गेले तेव्हा पाणी १३ ते १८ अंश होते. महाराष्ट्रातले बहुतेक जलाशय वर्षातला बराच काळ २० अंशांच्या वर असतात. म्हणून आपल्याकडच्या माशात आढळलेला आकडा जसाच्या तसा पाण्याच्या माथी मारता येत नाही. स्वच्छ पट्ट्यातले त्याच जातीचे, त्याच आकाराचे मासे त्याच ऋतूत तपासून तुलना करावी लागते.

दुसरी गोष्ट, मासा हिंडतो. नाल्याच्या तोंडाशी चरलेला मासा दोन किलोमीटरवर जाळ्यात येऊ शकतो. म्हणून एका माशावरून निकाल देता येत नाही. तिसरी गोष्ट बाजाराची. विक्रीला आलेल्या माशावर बर्फाचे, टोपलीचे, हातांचे आणि मासे धुतलेल्या पाण्याचे जिवाणू चढतात. बाजारातल्या माशाची तपासणी अन्नसुरक्षेसाठी आवश्यक आहे, पण नदीविषयी निष्कर्ष काढायचा तर मासा थेट जाळ्यातूनच घ्यायला हवा.

चौथी गोष्ट, ई. कोलाय सापडला म्हणजे माणसाचीच घाण असे नाही. ती गुरांची किंवा पाणपक्ष्यांचीही असू शकते. आता माणसाच्या आतड्यातील बॅक्टेरॉइड्स गटाच्या जिवाणूंच्या विशिष्ट जनुकीय खुणा शोधून हा भेद करता येतो. मासा आणि पाणी यांचे नमुने सोबत घेतले, तर दोघांच्या साक्षी एकमेकींना पूरक ठरतात.

मांसापर्यंत कधी पोहोचते?

मासे खाणाऱ्याच्या मनात येणारा पुढचा प्रश्न साहजिक आहे: पोटातले जिवाणू मांसात उतरतात का? निरोगी माशाचे स्नायू निर्जंतुक असतात. आत शिरलेल्या जिवाणूंना त्याच्या रक्तातल्या पेशी गिळून टाकतात. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात सांडपाण्यावर वाढवलेल्या कार्प आणि तिलापियावर जे काम झाले, त्यातून एक महत्त्वाची कल्पना पुढे आली. पाण्यातल्या जिवाणूंची संख्या एका उंबरठ्यापर्यंत असेल, तर ते माशाच्या पचनमार्गात राहतात, मांस स्वच्छ असते. तो उंबरठा ओलांडला, की माशाची प्रतिकारशक्ती अपुरी पडते आणि जिवाणू स्नायूंतही दिसू लागतात. प्रत्येक जातीचा उंबरठा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांडपाण्यावरील मत्स्यतळ्यांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात १,००० मलजन्य कोलिफॉर्म ही मर्यादा सुचवली होती.

सांडपाणी आणि मासा यांचे नाते नेहमी घातकच असते असेही नाही, हे कोलकात्याच्या पूर्वेला दिसते. तिथल्या सुमारे १२,५०० हेक्टरच्या पाणथळ प्रदेशात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत, तिथल्या भाषेत ‘भेडीं’त, घेऊन त्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवले जातात. २००२ मध्ये या प्रदेशाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ प्राणवायू सोडते, दिवसा पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि या सगळ्यात मलजन्य जिवाणू मोठ्या प्रमाणावर मरतात. मच्छीमारांनी अनुभवातून शोधलेली ही व्यवस्था ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने जगापुढे मांडली. तिचा धडा साधा आहे: सांडपाण्याला वेळ, ऊन आणि जागा दिली तर ते अन्न होते, तसेच नदीत ढकलले तर तीच घाण रोग घेऊन परत येते.

औषधांना न जुमानणारे पाहुणे

गेल्या काही दशकांत माशाच्या पोटातली नोंद आणखी एका कारणाने महत्त्वाची झाली आहे. आपण घेतलेल्या, जनावरांना दिलेल्या आणि कारखान्यांतून सुटलेल्या प्रतिजैविकांचे अंश शेवटी पाण्यात येतात. २००७ साली हैदराबादजवळ पटनचेरू येथील औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

अशा पाण्यात तगून राहणारे जिवाणू औषधांना न जुमानणारे असतात. माशाचे आतडे हे त्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण बनते. तिथे ते औषधविरोधाची जनुके एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. हा औषधविरोध मोजायला १९८३ मध्ये क्रम्परमन या संशोधकाने एक सोपा निर्देशांक सुचवला: जिवाणूने जितक्या प्रतिजैविकांना दाद दिली नाही, त्या संख्येला तपासलेल्या एकूण प्रतिजैविकांनी भागायचे. दहांपैकी तीन औषधे चालली नाहीत, तर उत्तर ०.३. हा आकडा ०.२ च्या वर गेला, तर तो जिवाणू प्रतिजैविकांचा भरपूर वापर असलेल्या, धोकादायक स्रोतातून आलेला असण्याची शक्यता मोठी. नदीकाठी रुग्णालये आहेत की कुक्कुटपालन, हे न पाहताही माशातला जिवाणू त्यांच्याकडे बोट दाखवू शकतो.

आपल्या नद्यांची गोष्ट

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा अनेक माशांची त्यांनी मराठी नावेच कायम ठेवली. म्हणून ‘खुद्री’, ‘नुकटा’, ‘कोळस’ ही नावे आजही त्यांच्या शास्त्रीय नावांत शिल्लक आहेत. खुद्री हा महासीर, स्वच्छ आणि भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला मासा. त्याचे मूळ वर्णन पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेच्या पात्रातल्या नमुन्यावरून झाले. ज्या पात्रातून जगाला महासीराची एक जात कळली, ते पात्र आज शहराचे पुरते शुद्ध न झालेले सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि भीमा ते उजनीत नेते. उजनीच्या पाण्यावर सोलापूर अवलंबून आहे आणि उजनीच्या माशांवर भिगवणचा बाजार.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ही यादी तयार होते ती पाण्यातील जैविक प्राणवायू मागणीवरून, म्हणजे घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो त्यावरून; जिवाणूंवरून नव्हे. याच मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केले आहेत. पिण्यासाठीच्या ‘ए’ वर्गात १०० मिलिलिटरमध्ये ५० कोलिफॉर्मची मर्यादा आहे, स्नानाच्या ‘बी’ वर्गात ५०० आणि प्रक्रिया करून पिण्याच्या ‘सी’ वर्गात ५,०००. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘डी’ वर्गाला मात्र आम्लता, प्राणवायू आणि अमोनिया या तीनच कसोट्या आहेत. जिवाणूंची मर्यादा त्यात नाही. मासा जगेल की नाही, एवढेच हा निकष विचारतो. तो मासा कापणाऱ्या, विकणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसांचे काय, हे विचारत नाही.

या सगळ्यात दोष मच्छीमाराचा नाही, माशाचा तर नाहीच. नदीकाठचा भोई समाज जाळे टाकतो त्या पाण्यात घाण त्याने सोडलेली नसते. उलट, हाताला जखम असतानाही तो रोज त्या पाण्यात उतरतो आणि घरातल्या बायका तोच मासा साफ करतात. सर्वांत आधी धोका त्यांना आहे. म्हणून माशात जिवाणू सापडले असे ऐकून मासे घेणे बंद करणे हा उपाय नव्हे. नीट शिजलेल्या माशात ई. कोलाय किंवा साल्मोनेला उरत नाहीत. खरी काळजी घ्यायची ती शिजण्याआधी: आतडे न फोडता काढावे, मासा साफ केलेली विळी आणि हात साबणाने धुवावेत आणि त्याच विळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये.

पण स्वयंपाकघरातली दक्षता नदीचा आजार बरा करत नाही. त्यासाठी ‘डी’ वर्गाच्या निकषांत जिवाणूंची मर्यादा आली पाहिजे आणि नदीच्या नियमित तपासणीत पाण्याच्या बाटलीबरोबर माशाचाही नमुना गेला पाहिजे. नदीकाठच्या महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी जवळच्या मच्छीमारांना सोबत घेऊन दर ऋतूत चार मासे तपासले आणि आकडे गावापुढे ठेवले, तरी दहा वर्षांत प्रत्येक नदीची एक नोंदवही तयार होईल. जाळे टाकणाऱ्याला मासे कुठे चरतात ते ठाऊक असते, विद्यार्थ्याला जिवाणू मोजता येतात. दोघांची गाठ घालून देणे एवढेच काम उरते. ते या पावसाळ्यानंतर, पहिले जाळे पडेल तेव्हाच सुरू व्हावे.